हिशेब आणि हाव

देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात. तरी त्याच गावच्या नोकरदारालाही महिनाअखेरीस हात आखडावा लागतो. कमी पडतो तो नेहमी पैसाच असतो का?

बाराव्या शतकात कल्याणात सांडलेले तांदूळ वेचणे हे आयदक्की मारय्यांचे कायक होते. एकदा त्यांनी गरजेपेक्षा जास्त आणले. पत्नी लक्कम्मांनी ते परत टाकून यायला सांगितले. रोजचे माप ठाऊक होते, म्हणूनच त्यांना जास्तीचे दिसले.

मग उद्यासाठी राखणे ही हाव का? नव्हे. मुलांची फी, आजारपण ही गरजच. पण गरज कुठे संपते, हे वही सांगते. रोज रात्री खर्च लिहा. पगार हाती येताच शिल्लक आणि दासोहाचा वाटा बाजूला काढा. उधारीवर काही घेण्याआधी मनातल्या लक्कम्मांना विचारा.