पी हळद नि हो गोरी

आपल्या भाषेतील काही म्हणी इतक्या घरगुती आहेत की, त्यांत एखादा नैतिक प्रश्न दडला असेल अशी शंकाही येत नाही. ‘पी हळद नि हो गोरी’ ही त्यांतलीच एक. उतावळ्याची थट्टा करण्यापलीकडे आपण तिचा उपयोग करीत नाही. परंतु औषध आणि गुण यांच्यामध्ये एक लांब वाट असते, आणि ती चालल्यावाचून गत्यंतर नाही, हेच ती सांगत असते.

हळदीविषयी बोलावयाचे तर सांगली-माधवनगरच्या माणसाने बोलावे. त्याच्या मुलखात हळद हे नुसते पीक नव्हे. ती पेठेची प्रतिष्ठा आहे. हरिपूरच्या पेवांत पिढ्यान् पिढ्या ती साठविली गेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. नवरानवरीच्या अंगाला, दिवाळीच्या उटण्यात, कापलेल्या बोटावर, रात्रीच्या गरम दुधात ती आहेच. जखम भरून काढण्याच्या तिच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने दाखले पुढे करून १९९७ साली ते रद्द करविले. आपलाच दावा जिंकल्याचा आनंद आपल्याला व्हावा, हे साहजिकच होते.

याच हळदीची आणखी एक परीक्षा झाली. तिची मात्र कोणी मिरवणूक काढली नाही.

१९९३ साली असे दिसून आले की, हळदीतील पिवळे द्रव्य, म्हणजे कुर्क्युमिन, प्रयोगशाळेत एचआयव्ही या विषाणूची वाढ रोखते. एड्सवर धड औषध नसलेला तो काळ. सांगली जिल्ह्याला तर हा रोग पुस्तकातला नव्हता. १९९२ पासून ‘संग्राम’ ही संस्था तेथे त्याच दुःखाशी झुंजत होती. अशा वेळी उपाय आपल्याच पेवात निघावा, याहून गोड बातमी कोणती?

पण प्रयोगशाळा दोन प्रश्न विचारते. विषाणूला रोखावयास द्रव्य किती लागते? आणि निरोगी पेशी मारावयास किती पुरते? या दोन मात्रांत जितके अंतर, तितकी त्या द्रव्याची आशा. पुण्याजवळ भोसरीस १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तेथेही वनस्पतींचे अर्क याच कसाला लावले गेले. काचेतला कस उतरला, तरी माणसाचे शरीर पुढे उभे असतेच. कुर्क्युमिन तेथे हरले. पोटातून ते रक्तात फारच थोडे पोहोचते, आणि पोहोचले तरी टिकत नाही. १९९६ साली रुग्णांवरील चाचणीचा निकाल लागला : रक्तातील विषाणू घटले नव्हते.

येथे एखादी आजीबाई म्हणेल, “अरे, हळदीने अपाय तर नाही ना? घेईनात का बिचारे! आशा कशाला मोडावी?” हा प्रश्न मायेचा आहे, म्हणूनच तो कठीण आहे. परंतु हा विषाणू थांबून राहत नाही. रोगी खोट्या आशेवर सहा महिने काढतो, तेव्हा ते सहा महिने आशा देणाऱ्याच्या आयुष्यातून वजा होत नाहीत. ते रोग्याच्याच आयुष्यातून जातात. दुसऱ्याच्या दिवसांवर उदार होण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

उलट बाजूही पाहावी. एझेडटी हे द्रव्य १९६४ साली अमेरिकेत जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगासाठी बनविले. ते निरुपयोगी ठरले, बाजूस पडले. १९८५ साली एचआयव्हीवर त्याची परीक्षा झाली आणि टाकलेली वस्तू कामाची निघाली. मग २८२ रुग्णांवर चाचणी झाली. १४५ जणांना औषध, १३७ जणांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. औषध घेणाऱ्यांत १ दगावला, इतरांत १९. हे दिसताच १९८६ साली चाचणी थांबविली गेली आणि सर्वांनाच औषध देण्यात आले. त्या १९ जणांना आपण काय म्हणावे? त्यांचा कोणी बळी दिला असे म्हणवत नाही, कारण औषध खरे की विषारी हे तोवर कोणासच ठाऊक नव्हते. पण ‘हे औषध लागू पडते’ या एका वाक्याची किंमत त्यांनी भरली, हे मात्र विसरता येत नाही.

म्हणूनच परीक्षा अर्ध्यावर सोडणे हे पाप आहे, आणि परीक्षेत उतरलेले औषध गरिबापर्यंत न पोहोचविणे हे त्याहून मोठे. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी २००१ साली तीन औषधांचा मेळ वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून हे उपचार मोफत सुरू केले. तेव्हा कोठे त्या ऋणाचा पहिला हप्ता फिटला.

आणि हळद? तिचे काय गेले? सोनाराने कसोटीवर घासले म्हणून सोन्याचा अपमान होत नाही. जी वस्तू आपण परक्याच्या हातून झगडून सोडविली, तिलाच आपल्या हाताने कसाला लावणे आणि ‘एवढे हिला जमत नाही’ असे रोग्याला सांगणे, याला छाती लागते. पेटंटचा दावा जिंकण्यात आपला अभिमान होता. हा दुसरा निकाल मान्य करण्यात आपली करुणा आहे.