कुंडीतला वाल

बदलीची नोकरी करणाऱ्याने वेल लावावा काय? दिल्लीत आम्ही आषाढाच्या सुमारास कुंडीत वाल पेरतो. दिवस लहान होऊ लागल्याखेरीज त्याला फुले येत नाहीत. शेंगा हाती लागेपर्यंत थंडी उजाडते. मध्येच बदलीचा हुकूम आला, तर त्याच शेंगा ‘सेम’ म्हणून दुसऱ्याच्या ताटात जातात.

म्हणून पेरूच नये, असे म्हणणारे व्यवहारी खरे; पण त्यांचा हिशेब अपुरा आहे. सरकारी घर सोडताना पंखे आणि दिवे मोजून द्यावे लागतात. वेलाची नोंद कोणत्याच यादीत नसते. यादीतील वस्तू परत करणे हा केवळ प्रामाणिकपणा होय. कर्तव्याची कसोटी यादीबाहेर लागते.

आधार शोधताना वेलाचा शेंडा हवेत गोल फिरत राहतो. या हालचालींवर चार्ल्स डार्विनने १८६५ साली प्रबंध प्रसिद्ध केला. वेल परावलंबी आहे खरा. तरी त्याच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतला नत्र बांधतात, आणि मुळे मातीतच कुजू दिल्यास त्याचा काही अंश पुढच्या रोपास मिळतो. आधार घ्यावा, पण मातीला काही देऊन जावे, याहून निराळा धर्म परप्रांती राहणाऱ्या आम्हांस कोणता असणार?

तेव्हा निघताना शेंगा धरलेला वेल तसाच ठेवावा. वाळलेला बुंध्याशी कापून मुळे राहू द्यावीत. पाणी केव्हा घालावे हे नव्या बिऱ्हाडास सांगावे, आणि मग किल्ल्या द्याव्यात.