अब्रू आणि आरोग्य

प्लेगच्या वेळच्या पुण्याची कथा आपणां सर्वांस पाठ आहे. १८९७ चा साथरोग कायदा, रँडसाहेबांची कमिटी, घरांत शिरणारे गोरे शिपाई, आणि २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेला गोळीबार. या कथेंत स्त्रियांचा उल्लेख पदोपदीं येतो. परंतु त्यांच्यासंबंधानें बोलतात ते बहुतेक पुरुषच.

प्लेगची गांठ काखेंत किंवा जांघेंत येते. ती पाहावयाची म्हणजे परपुरुषानें अंगास हात लावावयाचा. सरकारच्या लेखीं स्त्री ही झडतीच्या घरांतील एक जिन्नस होती, आणि आमच्या पुढाऱ्यांच्या लेखीं घराण्याची अब्रू. तिला ताप आहे, तिला औषध हवें, तपासावयास बाई हवी, हा विचार दोहोंकडे मागें पडला. जुलमाचा निषेध योग्यच होता, आणि टिळकांनीं हिंदूंसाठीं निराळें प्लेग-इस्पितळ काढण्यांत पुढाकार घेतला हेंही खरें. तरीपण इस्पितळांत नेलेल्या तरुण स्त्रियांच्या सुरक्षिततेची काळजी कोण घेतें, हा प्रश्न ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत विचारावा लागला तो पंडिता रमाबाईंना. आणि सरकारनें त्यांची तक्रार फेटाळली.

त्याच सुमारास गोखल्यांनीं विलायतेंत शिपायांकडून स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांचें गाऱ्हाणें मांडलें, व पुरावा देतां येईना म्हणून परतल्यावर त्यांस जाहीर माफी मागावी लागली. या माफीची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण पुरावा म्हणजे काय? एखाद्या स्त्रीनें पुढें येऊन आपलें नांव सांगावयाचें, आणि नांव सांगतांच आप्तेष्टांनीं तिला जन्माची टाकावयाची! आरोप कितपत खरे होते, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं. ठरविण्याची वाटच बंद होती, व ती एकट्या सरकारनें बंद केली नव्हती.

साक्षीस स्त्री नव्हती. शुश्रूषेस मात्र तीच होती. त्याच वर्षीं १० मार्चला सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करतां करतां प्लेगनेंच वारल्या. १९१८ च्या इन्फ्लुएंझांत हिंदुस्थानांत पुरुषांपेक्षां स्त्रियाच अधिक मेल्या. सर्वांच्या उशाशीं बसणारी स्वतः अंथरुणाला केव्हां पाठ टेकते?

कोणी म्हणेल, हें आतां जुनें झालें. कोविडची लस याच पुण्यांत तयार झाली. देशांत ती १६ जानेवारी २०२१ पासून टोचूं लागले. गर्भवतींना परवानगी मिळाली २ जुलैला. मधल्या काळांत दुसरी लाट येऊन गेली होती. लसीच्या चाचण्यांत त्यांस घेतलें नव्हतें, म्हणून खात्री नव्हती. खात्री नव्हती, म्हणून थांबविलें. सावधगिरी समजूं शकते, पण चाचण्या आंखतांना त्यांची आठवण कोणास झाली नाहीं, हें समजत नाहीं. आणि त्या साथींत घरोघर चौकशी करीत फिरणाऱ्या ‘आशा’ सर्व स्त्रियाच होत्या. त्यांची गणना नोकरांत नव्हती, स्वयंसेविकांत होती; कोविडच्या जादा कामाबद्दल केंद्राकडून महिना १,००० रुपये. त्या दाराशीं येत, आमच्या घरच्या माणसांची विचारपूस करीत, वहींत लिहून पुढच्या दारीं जात. त्यांच्या घरीं कोणास ताप आहे काय, हें आम्हींही त्यांस एकदांही विचारलें नाहीं.