खाडा

परवाच्या बैठकीत एका साथीनं विचारलं, "नऊ दिवस कुठं तोंड काळं केलं होतंस? चळवळीला खाडा नसतो." मी गप्प बसलो. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून इथं लिहितो.

पांढरपेशा माणूस रजेवर जातो. डोंगर बघतो, ताजातवाना होऊन येतो. आपला खाडा पडतो. दिवस गेला की पगार गेला. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. आई तापानं पडली म्हणून गावी गेलो. नऊ खाडे.

पहिल्या रात्री आईला विचारलं, "गोळी घेतलीस का?" ती म्हणाली, "ताप आलाय बाबा मला, बहिरी न्हाई झाले."

तेव्हा कळलं, मी ओरडतोय. खात्यात शेकडो चात्या एकदम फिरतात. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात बोंबलावं लागतं. चार वर्षं हेच. बायकोशी तसाच बोलत होतो, बैठकीतही तसाच. मला वाटायचं, हा आपला विद्रोह! त्यातला निम्मा मशीनचा आवाज होता. कवितांची वही काढली, बऱ्याच ओळी खोडल्या. खात्यात उभं राहून हे दिसलं नसतं.

पण लांब जाणं म्हंजे पळणं का? साथीचा खरा सवाल हा आहे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. तिथं ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातीवरचा निबंध वाचला. इथं जी अंगावर बसलेली होती, तिला तिथं समोर ठेवून उलगडली आणि दाखवलं, की जातीतल्या जातीत लग्न हीच तिची मूळ गाठ. परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले तर राहायला जागा नाही. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले नि बाहेर काढलं. लांबून आलेल्याला काठी काठीच दिसते. रोज खाणाऱ्याला ती ऊनपावसासारखी वाटायला लागते.

हे सगळं खरं. पण मित्रांनो, ती वर्षं इकडं घर कुणी ओढलं? रमाईनं, हलाखीत. त्या अभ्यासाचे खाडे तिनं भरले. इथं येऊन मी अडकतो. कारण माझे नऊ दिवसही कुणीतरी भरलेच. शेजारच्या गड्यानं स्वतःच्या साइडी सांभाळून माझ्याही बघितल्या. वर एक पैसा मिळाला नाही त्याला. मला आवाज सापडला तो त्याच्या कमरेवर.

परत आल्यावर त्याला विचारलं, "तू गावी कधी जाणार?"

"माझ्या साइडी कोण बघील?"

"मी."

तो हसला. खरं वाटलं नाही त्याला. चार दिवसांनी स्वतःहून आला, म्हणाला, पुढच्या महिन्यात जातो, आठ दिवस.

त्या आठवड्यात मी बैठकीला येणार नाही. दुप्पट साइडी बघून उभं राहवणार नाही. साथीनं खुशाल माझा खाडा मांडावा.