स्वपरिचय आणि आत्मस्तुती

नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या तरुणापुढे एक जुनाच नैतिक प्रश्न आज नव्या वेषात उभा राहतो. अर्जासोबत 'बायोडाटा' जोडावा, असे जाहिरातीत छापलेले असते. आणि आपल्याविषयी आपणच लिहावयाचे म्हटले की विनयाच्या संस्कारात वाढलेल्या मुलाची लेखणी अडखळते. समर्थांनी दासबोधातील मूर्खलक्षणांत आपली स्तुती आपणच करणे आणि वडिलांची कीर्ती सांगणे या दोहोंची गणना केली आहे. मग स्वतःचे गुण कागदावर मांडणे हे सदाचारास सोडून आहे काय?

कुंभारवाड्यासारख्या गावी हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. आमचा जोयडा तालुका बव्हंशी रानाचा. नोकरीसाठी दांडेली, कारवार, बेळगाव किंवा घाट उतरून गोवा गाठावा लागतो. गावात माणसाची ओळख त्याच्या आधी पोहोचलेली असते. परक्या शहरात मात्र त्याच्या वतीने बोलणारा तो एक कागदच असतो.

त्या कागदावर आमचे बहुतेक तरुण काय लिहितात? नाव, जन्मतारीख, एस.एस.एल.सी.चे गुण, आणि खाली सही! ज्याने तीन वर्षे जत्रेचा जमाखर्च सांभाळून पै-पैचा हिशेब पंचांपुढे ठेवला, जो मराठी, कोकणी आणि कन्नड तिन्ही भाषांत व्यवहार करतो, जो परसातील कंदांचे वाण पानावरून ओळखतो, तो 'अनुभव' या शब्दापुढे 'नाही' असे लिहून मोकळा होतो. यास आम्ही विनय म्हणत नाही. जे आहे ते नाही म्हणणे हेही असत्यच होय. आणि दुसरा कोणी न केलेला संगणकाचा अभ्यासक्रम केला म्हणून लिहितो, तेव्हा तोही त्याच असत्याच्या दुसऱ्या काठावर उभा असतो.

या दोन काठांमधली वाट महाभारताच्या विराटपर्वात दिसते. अज्ञातवासात पांडव विराटाच्या दरबारी चाकरी मागावयास गेले. नावे त्यांना लपवावी लागली. परंतु कसब कोणीही खोटे सांगितले नाही. भीमाने पाकशाळा मागितली, नकुलाने घोड्यांची निगा, सहदेवाने गाईंची राखण. 'आम्ही महापराक्रमी' असे न म्हणता, 'आम्हांस हे काम येते, ते करून पाहा' एवढेच त्यांच्या बोलण्याचे सार होते. इटलीत सुमारे 1482 साली लिओनार्दो दा विंची याने मिलानच्या सत्ताधीशास उद्देशून लिहिलेल्या पत्राचीही हीच रीत आहे. त्या सत्ताधीशास युद्धाची चिंता होती, म्हणून पूल, तोफा आदी आधी आणि चित्रकला अगदी शेवटी. आणि अखेरीस, शंका असल्यास प्रयोग करून दाखवितो, असे आश्वासन.

स्तुती आणि माहिती यांतील भेद येथेच आहे. 'मी अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक आहे' ही स्तुती. ती कोणासही लिहिता येते, म्हणून तिला मोल नाही. 'तीन वर्षे जत्रेची रोजकीर्द लिहिली आणि दरवर्षी हिशेब तपासून दिला' ही माहिती. ती पडताळता येते. प्रत्येक ओळीपुढे, 'उद्या कोणी हेच करून दाखव म्हटले तर दाखवीन काय?' असे स्वतःस विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर ती ओळ संकोच न करता लिहावी. नसेल तर खोडावी. नवशिक्यास एक पान पुरे. ज्या कामासाठी अर्ज, त्यास उपयोगी ते आधी. अलीकडचे काम वर, जुने खाली. भाषांपुढे वाचता, लिहिता की केवळ बोलता येते ते नमूद करावे. ओळख सांगणाऱ्या दोघांची नावे त्यांची अनुमती घेऊनच द्यावी. वडिलांची प्रतिष्ठा मात्र तेथे नको. पौरोहित्य करणाऱ्या घरातील आम्हांस हा मोह विशेष होतो, पण ते पुण्य त्यांचे, अर्ज आपला.

यावर वाचक म्हणतील, खोटे लिहिणाऱ्यास जागा मिळते आणि खरा मागे राहतो, त्याचे काय? असे घडते, हे आम्ही नाकारीत नाही. कर्णानेही परशुरामांपुढे आपले कुळ खोटे सांगून विद्या मिळविली. जेथे योग्यतेऐवजी जन्म विचारला जातो, तेथे विचारणाराही दोषी असतो, हे खरेच. तथापि ती विद्या ऐन रणात त्यास आठवली नाही. खोट्या ओळीने मिळालेली जागा रोज तशीच भीत भीत सांभाळावी लागते. शिवाय ते उघडकीस आले की त्याच गावचा पुढचा मुलगा अर्ज घेऊन जातो, तेव्हा त्याच्या खऱ्या ओळीकडेही संशयाने पाहिले जाते. गावाची पत ही सामाईक ठेव आहे. ती एकट्याने खर्चून टाकण्याचा अधिकार कोणास नाही.

म्हणून आमचे मित्रांस इतकेच सांगणे आहे : या पंधरवड्यात एक कोरा कागद घ्या, आजवर हातून झालेली कामे वर्षांसह लिहा, आणि तो कागद आपणांस चांगले ओळखणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्यास वाचून दाखवा. जेथे ते हसतील ती ओळ गाळावी. जेथे ते 'अरे, ते कसे विसरलास?' म्हणतील, ती अवश्य घालावी.