प्रीतीचं माप

शेजाऱ्यावर प्रीती करायची ती किती? पवित्र शास्त्र सांगतं, स्वतःवर असते तितकी. मग स्वतःवरची प्रीती हीसुद्धा आज्ञाच धरायची, की बोलण्याच्या ओघात आलेलं एक ढोबळ माप? आमच्या मंडळीत दोन मतं आहेत. एक म्हणतं, आज्ञा दोनच, देवाची आणि शेजाऱ्याची. तिसरी घुसडू नये. दुसरं म्हणतं, मापच खोटं असेल तर माल खरा कसा भरेल? पुलगावात नर्सची नोकरी केलेली मी, दुसऱ्या मताची आहे.

कारण हे वचन मोडलेलं मी दवाखान्यात रोज पाहिलं. लकवा झालेल्या नवऱ्याला घेऊन बाई येते. त्याच्या गोळ्या, त्यांच्या वेळा तिला तोंडपाठ. तिच्याच दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला तर वरचा आकडा १८० च्या पुढे. "मले काय होते, सिस्टर? तुमी यायचं पाहा." पदराच्या गाठीत तिच्या स्वतःच्या गोळ्यांची पट्टी, एकही न फोडलेली. अशा बाईला उपदेशातून आणखी त्याग शिकवणं मला पाप वाटतं.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात स्वतःवरच प्रेम करणाऱ्यांचा धिक्कार आहे, हे खरं. पण त्यांच्या पंगतीला कोण बसलंय? पैशाचे लोभी, बढाईखोर, आईबापाचं न ऐकणारे, उपकार विसरणारे. वेळेवर गोळी घेणारी बाई त्या यादीत बसतच नाही. शिवाय याच पौलाने याच तीमथ्याला पहिल्या पत्रात बजावलंय, की तुझं पोट बिघडतं, वरचेवर दुखणी येतात, तर नुसत्या पाण्यावर राहू नकोस, थोडा द्राक्षारस घे. एलीया रानात झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची ही आज्ञा मुळात आहे लेवीयच्या १९ व्या अध्यायात. तिच्या आसपास काय आहे? शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर अडकवू नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. सगळा हिशेब पोटाचा आणि देहाचा. आमच्या भागात कापूस वेचणाऱ्या बाईला हा अध्याय कुणी उलगडून सांगावा लागणार नाही. प्रीतीची आज्ञा इतक्या रोकड्या गोष्टींत उभी असताना तिच्यातलं 'स्वतः' तेवढं ढोबळ कसं मानायचं?

लूकच्या १४ व्या अध्यायात मात्र येशू आपल्या जिवाचाही द्वेष करायला सांगतो. तिथेच आईबापाचाही द्वेष आहे, आणि आईबापाचा मान राखणं ही तर दहा आज्ञांपैकी एक. म्हणून ते बोलणं अक्षरशः घेता येत नाही. देवापुढे बाकी सगळं मागे राहावं, एवढाच त्याचा अर्थ. जीव देणं म्हणजे जिवाचा द्वेष नव्हे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर इथल्या दारूगोळा डेपोत आग लागली. ती विझवताना लष्कराचे दोन अधिकारी आणि अग्निशमन दलाचे जवान गेले. त्यांना जीव नकोसा झाला होता, असं कोण म्हणेल? जीव मोलाचा होता म्हणून तर ते देणं थोर ठरलं. स्वतःला कवडीमोल मानून झिजणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला कुणी तसं मानायला शिकवलेलं असतं, आणि पुष्कळदा धर्माच्याच नावाने.

शेजारी कोण, हे सांगताना येशूने जो शोमरोनी उभा केला, त्याने जखमांवर तेल ओतलं, आपल्या जनावरावर बसवून जखमीला उतारशाळेत नेलं, एक रात्र सेवा केली, दोन दिनार दिले, आणि मग तो आपल्या वाटेने गेला. उरलेली शुश्रूषा त्याने पैसे मोजून दुसऱ्यावर सोपवली. त्याची वाट, त्याचं काम शाबूत राहिलं, म्हणूनच परत येऊन जास्तीचा खर्च भरून देईन, हा शब्द तो देऊ शकला.

म्हणून माझं म्हणणं असं. जी स्वतःला विसरली आहे, तिने वचनातलं 'स्वतः' अक्षरशः घ्यावं: गोळी वेळेवर, जेवण ताजं, झोप पुरी. ज्याचं स्वतःकडे कधीच दुर्लक्ष होत नाही, त्याने 'शेजारी' अक्षरशः घ्यावा आणि आजची मजुरी आजच द्यावी. आणि पाळकांनी कोणता भाग कुणापुढे वाचायचा, हे समोर कोण बसलंय ते पाहून ठरवावं.