साधन आणि अधिकार

दुबईतील जबल अली येथे गुरुद्वारा आणि चर्च यांच्या शेजारी ऑक्टोबर 2022 मध्ये खुल्या झालेल्या हिंदू मंदिरात अनेक दैवते एकाच छताखाली आहेत, आणि ही रचना अधिकारभेदाचे, म्हणजे साधकाची प्रकृती व अवस्था पाहून साधन ठरवावे या सिद्धान्ताचे, दृश्य रूप मानता येते. हे तत्त्व बोलिंगच्या खेळातही पडताळता येते. तेलाचा थर विरलेल्या, म्हणजे कोरड्या, लेनवर घर्षण वाढते. तिथे जोमाने वळणारा रेझिनचा चेंडू वेळेआधीच वळून 60 फुटांवरील पिनांपर्यंत पोहोचताना आपली शक्ती गमावतो, म्हणून गुळगुळीत पृष्ठभागाचा, कमी वळणारा चेंडू निवडावा लागतो. स्पेअर साधतानाही हेच दिसते; स्पेअर म्हणजे पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिना दुसऱ्या फेकीत पाडणे. उजव्या कोपऱ्यात एकटी दहावी पिन उभी असते, तेव्हा सरळ जाणारा पॉलिएस्टरचा चेंडूच भरवशाचा ठरतो. साधनाचे श्रेष्ठत्व त्याच्या सामर्थ्यात नसून औचित्यात असते, आणि दुसरी फेक करताना पहिल्या फेकीच्या फळाची आसक्ती सोडावीच लागते. म्हणून दुसऱ्याच्या साधनाला हीन लेखणे हे अज्ञानच होय.